डावी बाजू

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आलेल्या पहिल्याच दिवाळीला बंगळूरच्या आमच्या चिरंजीवांनी मला एक हेडफोन भेट म्हणून पाठविला. या भेटीमागे प्रेम होते हे खरेच, पण थोडी मुत्सद्देगिरीही होती. पहाटे पाचला उठून गाणे ऐकण्याची माझी सवय फार जुनी. बडोद्याचे आमचे घर लहान, भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, आणि शेजारचे कुटुंब दुकानदारीचे असल्यामुळे रात्री उशिरा निजणारे. त्यांच्या साखरझोपेत माझा अहिरभैरव रोज शिरू नये, अशी आमच्या सौभाग्यवतींची फार दिवसांची इच्छा होती. तिनेच मुलाला फोनवर हळूच सुचविले असावे.

हेडफोन वायरचा होता. ‘बिनवायरचा घेऊ का?’ असे मुलाने आधी विचारले होते. परंतु आणखी एका यंत्राला रोज चार्जिंग करीत बसण्याची माझी तयारी नव्हती. वायरच्या हेडफोनचा संसार मला लवकरच उमगला. काढताना वायर ओढायची नाही, पिन धरूनच काढायची. मोबाइलभोवती वायर आवळून गुंडाळायची नाही, सैल वेटोळे करून ठेवायचे. कानावरच्या गाद्या घामाने लवकर तडकतात, म्हणून उन्हाळ्यात त्या कोरड्या फडक्याने पुसावयाच्या. वायर तुटते ती बहुधा पिनेच्या बुंध्याशी, जिथे ती रोज वाकते तिथेच.

तसे पाहिले तर हेडफोन ही वस्तू आमच्या घराण्याला अगदीच अपरिचित नव्हती. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा माझे आजोबा गिरगावात राहत होते. त्या काळच्या क्रिस्टल सेटला ना वीज लागे ना बॅटरी. हवेतून येणाऱ्या लहरींच्या बळावरच तो बोले. ते बळ इतके तुटपुंजे, की कानाला हेडफोन लावल्यावाचून काही ऐकू येत नसे. मग घरातल्या सर्वांनी ऐकावे म्हणून आजोबा तो हेडफोन पितळेच्या पातेल्यात ठेवीत, आणि पातेल्याभोवती डोकी जमवून सगळे कुटुंब गाणे ऐके. पुढे आमच्या लहानपणी स्पीकरचा मोठा रेडिओ आला, विविध भारती आली, आणि एका घरात एकच गाणे सर्वांच्या कानी पडू लागले. आता आपण पुन्हा हेडफोनपाशी आलो आहोत; मात्र गाणे पातेल्यात ठेवण्याची आठवण कोणाला होत नाही.

या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी कौतुकाची वाटते. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने खिशात बाळगण्याचा ‘वॉकमन’ बाजारात आणला. त्या पहिल्या यंत्राला हेडफोनसाठी एक नव्हे, दोन खाचा होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि बाहेरच्या माणसाचे बोलणे कानात येई. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी लिहून ठेवले आहे, की ते घरी एकटेच ऐकत बसले तेव्हा त्यांच्या पत्नीला ते रुचले नाही, आणि म्हणून दुसऱ्या माणसाची सोय करावी असे त्यांना वाटले. पुढे ती दुसरी खाच आणि ते बटण नाहीसे झाले. वॉकमनचा हा किस्सा मी मित्रमंडळीत अनेकदा हसत हसत सांगितला आहे. त्यातली पत्नी आपल्याही घरी असू शकेल, हे मात्र माझ्या मनात कधी आले नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक दुरुस्ती झाली, आणि तिने मला थोडा गर्व चढला. एके दिवशी पहाटे गाणे लावले, तो काय चमत्कार! तानपुरा वाजतो आहे, सारंगी वाजते आहे, पण गवई मैफलीतून उठून गेलेला. साथीचे सूरही पोकळ, जणू रिकाम्या विहिरीतून येणारे. जुने चित्रपटगीत लावले तर जवळजवळ काहीच ऐकू येईना. मी विचार केला आणि कारण सापडले. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचा प्रवाह एकाच सामाईक तारेने परततो. पिनेचा तेवढा भाग नीट टेकला नाही, की एका बाजूचा प्रवाह दुसऱ्या बाजूतून वाट काढतो, आणि दोन्हींत जे समान असेल ते परस्परांना खोडून टाकते. गवयाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. जुन्या गीतांत तर सारेच दोन्हीकडे सारखे. मोबाइल बंद करून त्याची खाच मी लाकडी दातकोरणीने अलगद कोरली. खिशातल्या धाग्यादोऱ्यांची चांगली वाटाण्याएवढी गुठळी निघाली. पिन पुरती आत बसली, आणि गवई परत आला.

त्या दिवसापासून मी घरातला तज्ज्ञ झालो. मुलाचे बिनवायरचे कानातले एका बाजूने बंद पडले, तेव्हा त्याच्या डबीतील चार्जिंगचे ठिपके कोरड्या कापसाने पुसावेत, आणि आवाज मंद झाला तर जाळीत कानातला मळ बसला आहे का ते पाहावे, असे मी त्याला फोनवरून सांगितले. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप कळते’, हे सूत्रही मीच त्याला शिकविले.

गेल्या वर्षी हिवाळ्यात माझ्या हेडफोनची डावी बाजू मंद झाली.

आवाज येई, पण दाराआडून आल्यासारखा. मी खाच कोरली. फरक नाही. पिनेजवळ वायर हलवून पाहिली. तुटकी वायर करते तशी खरखर होईना. मोबाइलमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल राखणारी एक पट्टी असते, ती पाहिली. ती बरोबर मध्यभागी होती. हेडफोन जुन्या ट्रान्झिस्टरला लावला. तिथेही डावी बाजू मंद. मग मोबाइलला दुसरा, कपाटात पडलेला जुना हेडफोन लावला. त्याचीही डावी बाजू मंद! त्याच क्षणी माझ्या सूत्राने मला उत्तर दिले होते. पण मी स्वतःशी म्हणालो, ‘तोही जुनाच, दोघेही एकाच वयाचे, एकाच रोगाने गेले.’

मग मी तो बाजारात नेला. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने तो स्वतःच्या कानाला लावला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, आमां कांई खराबी नथी. बन्ने बाजु सरखो अवाज आवे छे.’ त्याने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. त्याचा हा प्रामाणिकपणा मला अज्ञान वाटला. मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थाने लगेच मान डोलावली आणि १८० रुपये घेऊन सगळी वायर बदलून दिली. घरी येऊन ऐकतो तो दोष जसाच्या तसा. शेवटी मी नवा हेडफोन मागविला. चार दिवस तो मला चांगला वाटला. पाचव्या दिवशी त्याचीही डावी बाजू मंद वाटू लागली. तेव्हा मी विक्रेत्यास एक लांबलचक तक्रार लिहिली. हल्लीच्या मालात टिकाऊपणा कसा उरलेला नाही, यावर तीत एक परिच्छेद होता. त्यांनी मुकाट्याने तो बदलून दिला. अशा रीतीने घरात तिसरा हेडफोन आला.

मे महिन्यात सुट्टीसाठी आमची नात आली. तिचे वय अकरा. आजोबांची तक्रार ऐकून तिने तो हेडफोन आपल्या कानांना लावला.

‘मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येतंय.’

‘तुला कळायचं नाही ते,’ मी म्हणालो.

‘मग तुम्ही उलटा घालून बघा ना, आजोबा! डावीकडचं उजव्या कानाला. दोष हेडफोनचा असेल तर तो पण तिकडे जाईल.’

मी उलटा घातला. दोष तिकडे गेला नाही. तो होता तिथेच, माझ्या डाव्या कानापाशी, शांत बसून राहिला.

‘झाला का बरा?’ तिने विचारले.

‘हो, झाला,’ मी म्हणालो आणि हेडफोन काढून ठेवला. त्या मुलीशी मी खोटे बोललो.

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. डोळ्यांना चष्मा लागला तर माणसे तो मिरवितात. कान मंद झाला तर मात्र ते लपवावेसे वाटते. आमच्या लहानपणी बहिऱ्या माणसाच्या गोष्टी ऐकून आम्ही पोट धरून हसलो आहोत. ते हसणे मला आता आठवत होते.

आमच्या घरात, गुजरातेतील पुष्कळ घरांत असतो तसा, एक झोपाळा आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही उभयता त्यावर बसतो. स्वयंपाकघराचे दार डावीकडे असल्यामुळे उठबस सोपी जावी म्हणून सौभाग्यवती माझ्या डाव्या हाताला बसते. गेली तीस वर्षे हा क्रम आहे. अलीकडे आमचे त्या वेळचे बोलणे कमी झाले होते. मला वाटे, वयोमानाप्रमाणे ती अबोल झाली आहे, किंवा बोललीच तर स्वतःशी पुटपुटते आहे. मी ते मनाला लावून घेतले नव्हते. खरे सांगायचे तर त्या शांततेत मला बरेच वाटे.

नात परत गेल्यावर एका रात्री झोपाळ्यावर असताना मला माझे सूत्र आठवले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन डावीकडे, म्हणजे तिच्या जागी, बसलो.

‘हे काय? माझी जागा का घेतलीत?’ ती म्हणाली आणि माझ्या उजवीकडे बसली. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. पाठोपाठ अगदी हळू आवाजात ‘नवीनच काहीतरी’ असे ती म्हणाली, तेही ऐकू आले. ती पुटपुटत नव्हती. तिचा आवाज तीस वर्षांपूर्वी होता तसाच होता.

थोड्या वेळाने मी विचारले, ‘सोलापूरचे दादा कसे आहेत?’ दादा म्हणजे तिचे थोरले बंधू. हिवाळ्यात त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बरे आहेत आता. तेव्हा जायचं होतं मला. इथेच बसून दोनदा विचारलं तुम्हाला, जाऊन येऊ का म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुमच्या मनात नाही. मग पुन्हा नाही विचारलं.’

मी पाय टेकून झोपाळा थांबविला. दादांच्या त्या दिवसांत तिने मला दोनदा विचारले होते, आणि मी समोरच्या भिंतीकडे पाहत झोके घेत होतो. माझे मौन हाच तिने नकार मानला. हेडफोनच्या डाव्या बाजूसाठी मी बाजारात दोन फेऱ्या मारल्या, वायर बदलली, नवा माल मागविला, तक्रार लिहिली. माझ्या डाव्या बाजूला बसलेल्या माणसाचा आवाज मंद झाला, तेव्हा मात्र मी काहीच तपासून पाहिले नाही.

मी तिला कानाचे सगळे सांगितले. ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ एवढेच ती म्हणाली. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानात मळ साठला होता. तो त्यांनी काढला तेव्हा एकदम फरक पडला, आणि एवढ्यावरच भागले असे वाटून मला आनंद झाला. परंतु डॉक्टरीणबाईंनी पुढची तपासणी करावयास सांगितले. आवाजबंद खोलीत मला बसविले आणि कानांवर एक मोठा हेडफोन चढविला. मला हसू आले. ज्याच्यावर मी इतके आरोप केले, तोच आता माझा परीक्षक झाला होता. एकेका कानात बारीक सूर येत. ऐकू आला की बटण दाबायचे. २५० हर्ट्झच्या खर्जापासून ८००० हर्ट्झच्या टिपेपर्यंतचा आलेख तयार झाला. त्यात उजव्या कानाचे तांबडे गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या असतात. खालच्या सुरांपाशी दोन्ही रेषा शेजारी शेजारी होत्या. वरच्या सुरांकडे जाताना गोल थोडे उतरले, आणि फुल्या जिना उतरावा तशा उतरत गेल्या.

बाईंनी त्याचा अर्थ समजावून दिला. स्वर हे खालच्या सुरांत असतात. स, श, फ, थ अशा व्यंजनांची धार मात्र वरच्या सुरांत असते. तेच सूर कमी झाले, की माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द उमगत नाही, आणि समोरचा पुटपुटतो असे वाटते. दोन कानांत इतका फरक असेल तर त्यामागे दुसरा काही विकार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, म्हणून एक आणखी चाचणी झाली. सुदैवाने तसे काही निघाले नाही. डाव्या कानासाठी त्यांनी श्रवणयंत्र सुचविले. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती वाचकांनीही लक्षात ठेवावी: एखादा कान एकाएकी, दोन-तीन दिवसांत, बधिर झाला तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

‘हे हेडफोनमुळे झाले का?’ मी विचारले. बाई म्हणाल्या, तसे निश्चित सांगता येणार नाही. वयाचाही त्यात भाग आहे. पण त्यांनी मला एक उलट प्रश्न केला: डावीकडे कमी ऐकू येते म्हणून तुम्ही आवाज वाढवीत होता का? मी होय म्हणालो. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे अधू कानाच्या समाधानासाठी चांगल्या कानाला शिक्षा केलीत.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तासच उरतात. कान तक्रार करीत नाही, आणि आतील नाजूक पेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता माझा हेडफोन पुष्कळ शहाण्यासारखा चालतो, कारण मी शहाण्यासारखा वागतो. मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचे संगीत एकत्र करून दोन्ही कानांना सारखेच देण्याची सोय असते, ती मी चालू केली आहे. त्यामुळे डावीकडच्या सतारीचा एकही सूर माझ्या चांगल्या कानाला चुकत नाही. आवाज उजव्या कानाला सोसेल इतकाच. पहाटेचा अर्धा तास झाला की हेडफोन खुंटीला. संध्याकाळी एक लहानसा स्पीकर लावतो, आणि आम्ही दोघेही ऐकतो. श्रवणयंत्राची सवय व्हायला दोन महिने लागले. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज ऐकून मी दचकलो होतो.

काही देणी राहिली होती. नातीला फोन करून खरे काय ते सांगितले. ती म्हणाली, ‘मला तेव्हाच वाटलं होतं, आजोबा.’ विक्रेत्यास दुसरे पत्र लिहून माल निर्दोष होता हे कळविले आणि बदली हेडफोनचे पैसे घ्यावेत अशी विनंती केली. बाजारातल्या त्या तरुणाकडे जाऊन ‘तुझंच खरं होतं’ असे सांगितले. त्याने मला चहा पाजला. पावसाळा संपताच आम्ही सोलापूरला जाऊन आठ दिवस राहिलो. दादा आता हिंडूफिरू लागले आहेत. परंतु ज्या दिवसांत बहिणीने उशाशी बसावयाचे होते, ते दिवस निघून गेले. त्याची भरपाई कोणत्याही पत्राने होण्यासारखी नाही.

श्रवणयंत्र आल्यावर मी तिला म्हणालो, ‘आता तू आपल्या जुन्या जागी बसायला हरकत नाही.’ ती म्हणाली, ‘नको, इथेच बरी आहे.’ स्वयंपाकघरात जायचे असले म्हणजे आता ती सगळ्या झोपाळ्याला वळसा घालून जाते.